शाश्वत विकास ध्येयांची प्रगती मोजायची कशी: कोल्हापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

शाश्वत विकास अहवालाच्या क्रमवारीत भारत २०२४ साली १०९वा होता, २०२५ साली १६७ देशांत ९९वा आला. क्रमांक सुधारला हे खरं. पण देशात नेमकं काय सुधारलं, किती वेगानं, आणि २०३० या ध्येयांच्या मुदतीपर्यंत ते पुरणार का, यातलं काहीच त्या क्रमांकावरून कळत नाही. दुसरे देश घसरले तरी आपण वर जातो. म्हणून क्रमांक बाजूला ठेवा आणि एकेक निर्देशक (प्रगती मोजायची ठरलेली खूण) हातात घ्या. शिवाजी विद्यापीठात प्रकल्प करणारे विद्यार्थी, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा लिहिणारे, संस्थेचा अहवाल तयार करणारे आणि आकड्यांवर बातमी लिहिणारे, या सगळ्यांना उपयोगी पडेल अशी ही पद्धत आहे.

हाताशी एवढं ठेवा:

- संयुक्त राष्ट्रांच्या निर्देशकांची यादी, आणि ज्या निर्देशकावर काम करायचं त्याचं व्याख्यापत्रक (मेटाडेटा)
- केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाची राष्ट्रीय निर्देशक चौकट आणि तिचा ताजा प्रगती अहवाल
- नीती आयोगाचा एसडीजी (शाश्वत विकास ध्येयं) इंडिया इंडेक्स, शक्यतो सर्व आवृत्त्या
- राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची (एनएफएचएस) चौथ्या आणि पाचव्या फेरीची जिल्हा पत्रकं
- 'कोल्हापूर जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' (हे जिल्हा सांख्यिकी कार्यालय काढतं)
- एक्सेल किंवा तत्सम काहीही. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

१. आधी तीन थर वेगळे करा

ध्येय, लक्ष्य आणि निर्देशक हे तीन शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १७ ध्येयं आणि त्यांखाली १६९ लक्ष्यं मंजूर केली. ती मोजण्यासाठीचे निर्देशक २०१७ मध्ये स्वीकारले गेले. त्यांची संख्या आज २३०च्या पुढे आहे, आणि वेळोवेळी फेरआढावा होऊन यादी बदलते.

क्रमांक असा वाचा: ३.१.१ म्हणजे तिसरं ध्येय (आरोग्य), त्यातलं पहिलं लक्ष्य (माता मृत्यू कमी करणं), त्याचा पहिला निर्देशक (माता मृत्यू प्रमाण). मधल्या जागी आकड्याऐवजी अक्षर असेल तर ते लक्ष्य साधनांबद्दल असतं: पैसा, कायदे, तंत्रज्ञान, मनुष्यबळ. नवख्यांनी अशा निर्देशकांपासून सुरुवात करू नये. त्यांची आकडेवारी तुटक असते.

२. कुठली मोजपट्टी वापरताय ते ठरवा आणि बदलू नका

एकाच विषयावर निदान पाच मोजपट्ट्या आहेत. संयुक्त राष्ट्रांची जागतिक चौकट. सांख्यिकी मंत्रालयाची राष्ट्रीय चौकट, जिचा अहवाल दरवर्षी २९ जूनला, सांख्यिकी दिनी, येतो. राज्यांची तुलना करणारा नीती आयोगाचा निर्देशांक. देशांना क्रम लावणारा शाश्वत विकास अहवाल; हा संयुक्त राष्ट्रांचा अधिकृत अहवाल नाही, हे अनेकांना माहीत नसतं. आणि गावपातळीवर पंचायत राज मंत्रालयाचा पंचायत प्रगती निर्देशांक, ज्यात १७ ध्येयांच्या ९ संकल्पना केल्या आहेत. ग्रामपंचायतीसाठी काम करत असाल तर थेट या शेवटच्या मोजपट्टीवर जा.

सापळा इथे आहे. नीती आयोगाच्या पहिल्या आवृत्तीत (२०१८) भारताला १०० पैकी ५७ गुण होते, २०२३-२४ च्या आवृत्तीत ७१. '१४ गुणांची झेप' असं लिहायचा मोह होतो. पण पहिल्या आवृत्तीत ६२ निर्देशक होते, दुसऱ्या आवृत्तीत १००, २०२०-२१ मध्ये ११५ आणि २०२३-२४ मध्ये ११३. फूटपट्टीवरच्या खुणाच सरकल्या. या दोन गुणांची वजाबाकी करून काहीही सिद्ध होत नाही. तुलना करायची तर दोन्ही आवृत्त्यांत त्याच व्याख्येनं असलेले निर्देशक वेचून काढा आणि तेवढ्यांचीच करा.

३. व्याख्या शब्दशः वाचा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक गाळतात. पाण्याचं उदाहरण घ्या. निर्देशक ६.१.१ 'सुरक्षितपणे व्यवस्थापित' पिण्याचं पाणी मोजतो. त्यासाठी सुधारित स्रोत तर हवाच, शिवाय तीन अटी आहेत: पाणी घराच्या आवारात हवं, लागेल तेव्हा मिळायला हवं, आणि विष्ठेच्या जंतूंपासून व ठरावीक घातक रसायनांपासून मुक्त हवं. आता 'घरात नळजोडणी' हा आकडा यातल्या किती अटी पुऱ्या करतो? पहिली, एवढीच खात्रीनं. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि चहूकडे पाणी असताना शहर टँकरवर आलं. नळजोडणीचा आकडा त्या दिवसांतही तसाच राहिला, कारण जोडण्या कुठे गेल्या नव्हत्या. नळजोडणीच्या टक्केवारीवर '६.१.१ साध्य' असं लिहिणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे.

दुसरं उदाहरण पंचगंगेचं. निर्देशक ६.३.२ चांगल्या गुणवत्तेच्या जलसाठ्यांचं प्रमाण मोजतो. नदीसाठी मूलभूत पातळीवर पाच गोष्टी तपासतात: विरघळलेला प्राणवायू, विद्युतवाहकता, नायट्रोजन, फॉस्फरस आणि सामू (पीएच). मिळालेल्या मोजमापांपैकी ८० टक्के ठरलेल्या मर्यादेत असतील तर तो जलसाठा 'चांगला' धरतात.

हिशेब करून बघा. पाच घटक, बारा महिने, म्हणजे ६० मोजमापं. त्यातली ४८ ठीक आली की झालं. समजा मार्च ते मे या तीन महिन्यांत पाणी आटलं, केंदाळ पसरलं, आणि प्राणवायू, नायट्रोजन, फॉस्फरस हे तिन्ही घटक मर्यादेबाहेर गेले. बिघडलेली मोजमापं ९, ठीक असलेली ५१, म्हणजे ८५ टक्के. नदी 'चांगली' ठरली, आणि त्याच तीन महिन्यांत शिरोळकडच्या बंधाऱ्यांवर मासे तडफडत असू शकतात. म्हणून वार्षिक निकालासोबत महिनावार तक्ता द्याच. नमुना कुठल्या जागेवरून घेतला तेही लिहा. नाल्याच्या वरचा नमुना आणि खालचा नमुना ही जणू दोन नद्यांची मोजमापं असतात.

४. आकडा उचलताना त्याची जात बघा

संयुक्त राष्ट्रांच्या माहितीकोशात भारताचा संकेतांक ३५६ आहे. प्रत्येक आकड्याशेजारी 'स्वरूप' असा एक रकाना असतो. 'सी' म्हणजे देशानं दिलेला आकडा, 'सीए' म्हणजे देशाचाच पण जुळवून घेतलेला, 'ई' म्हणजे अंदाजित, 'एम' म्हणजे गणिती प्रतिमानातून (मॉडेल) काढलेला, 'जी' म्हणजे जागतिक पातळीवर गोळा केलेला. हा रकाना न बघता आकडा उचलू नका. 'एम' असेल तर त्या वर्षी त्या देशात प्रत्यक्ष मोजणी झालीच असेल असं नाही.

भारताचं माता मृत्यू प्रमाण नमुना नोंदणी पद्धतीनुसार (एसआरएस) २०१८-२० साठी एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ होतं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२३ मध्ये काढलेल्या अहवालात २०२० साठीचा अंदाज १०३ होता. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत, पद्धत वेगळी आहे. गोंधळ तेव्हा होतो जेव्हा कुणी जुनं वर्ष एका मालिकेतून आणि नवं वर्ष दुसऱ्या मालिकेतून घेतं. अंदाजांच्या मालिका दर काही वर्षांनी मुळापासून सुधारल्या जातात, म्हणून गेल्या अहवालातला आकडा या अहवालातल्या आकड्याशेजारी ठेवू नका. सुरुवातीचं आणि शेवटचं, दोन्ही वर्षं एकाच आवृत्तीतून घ्या.

दारिद्र्याच्या बाबतीत हे आणखी टोकाला जातं. जागतिक बँकेनं जून २०२५ मध्ये अतिदारिद्र्याची रेषा रोजी २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. २०२२-२३ चा भारताचा आकडा जुन्या रेषेनं २.३ टक्के येतो, नव्या रेषेनं ५.३ टक्के. माणसं तीच, वर्ष तेच. रेषा न सांगता दारिद्र्याचा आकडा लिहिणं म्हणजे एकक न सांगता वजन सांगणं.

५. लक्ष्य कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखा

काही लक्ष्यं ठाम आकड्याची असतात: माता मृत्यू ७० च्या खाली, पाच वर्षांखालील बालमृत्यू हजार जन्मांमागे २५ किंवा त्याहून कमी. काही सापेक्ष असतात: १.२ म्हणतं, देशाच्या स्वतःच्या व्याख्येप्रमाणे दारिद्र्य निम्म्यावर आणा. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात २०१५-१६ ला २४.८५ टक्के लोक होते, म्हणजे गाठायचा आकडा १२.४३. २०१९-२१ मध्ये १४.९६ वर आलो. काही लक्ष्यं शून्याची असतात. आणि काही 'लक्षणीय वाढवणे' अशा शब्दांत असतात. तिथे आकडा तुम्हाला निवडावा लागतो, आणि तो तुम्ही निवडलाय हे स्पष्ट लिहावं लागतं.

सगळ्यांची मुदत २०३० नसते. बालमजुरी संपवण्याचं लक्ष्य (८.७) २०२५ चं होतं.

एक गोष्ट महाराष्ट्रापुरती. आपलं माता मृत्यू प्रमाण २०१८-२० मध्ये ३३ होतं. ७० हे जागतिक लक्ष्य आपण कधीच ओलांडलं आहे. तिथे 'साध्य' असं लिहून थांबलात तर पुढची प्रत्येक माता हिशेबाबाहेर जाते. त्याच काळात केरळात हा आकडा १९ होता. राज्यासाठी किंवा जिल्ह्यासाठी लिहिताना देशातल्या सर्वोत्तम राज्याचा आकडा लक्ष्य म्हणून ठेवा, आणि तसं नमूद करा.

६. वेग काढा

सगळ्या लेखात ही पायरी महत्त्वाची. प्रगती म्हणजे आजचा आकडा नव्हे; प्रत्यक्ष वेग आणि लागणारा वेग यांचं गुणोत्तर.

वार्षिक वेगाचं सूत्र: शेवटचा आकडा भागिले सुरुवातीचा आकडा, त्याचा घात १ भागिले वर्षं, त्यातून वजा १.

भारताचं माता मृत्यू प्रमाण २०१४-१६ मध्ये १३०, २०१९-२१ मध्ये ९३. तीन वर्षांची सरासरी असल्यानं मधलं वर्ष धरा: २०१५ आणि २०२०, म्हणजे अंतर ५ वर्षं.

- प्रत्यक्ष वेग: ९३ ÷ १३० = ०.७१५, पाचवं मूळ ०.९३५, म्हणजे दरवर्षी साधारण ६.५ टक्के घट.
- लागणारा वेग: ७० ÷ १३० = ०.५३८, २०१५ ते २०३० ही १५ वर्षं, पंधरावं मूळ ०.९६०, म्हणजे दरवर्षी साधारण ४ टक्के घट.
- गुणोत्तर: ६.५ ÷ ४, साधारण १.६.

गुणोत्तर १ च्या पुढे म्हणजे वेग पुरेसा. युरोपची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट, ठोस लक्ष्य असलेल्या निर्देशकांना ०.९५ च्या वर 'लक्षणीय प्रगती', ०.६० ते ०.९५ 'मध्यम', ० ते ०.६० 'अपुरी' आणि शून्याखाली 'उलट दिशा' असं म्हणते. हीच वर्गवारी वापरायला हरकत नाही, फक्त ती कुणाची हे सांगा.

तीन ठिकाणी हात अडकतो. पहिलं, वर्षांचं अंतर: एनएफएचएस-४ (२०१५-१६) आणि एनएफएचएस-५ (२०१९-२१) यांतलं अंतर साधारण साडेचार वर्षं आहे, सरसकट पाच किंवा सहा धरलं की वेग कमी दिसतो. दुसरं, शून्याचं लक्ष्य या सूत्रात बसत नाही, कारण टक्क्यांच्या घटीनं शून्य कधीच येत नाही. तिथे सरळ रेषेनं मोजा, दरवर्षी किती बिंदू कमी व्हायला हवेत असं. तिसरं, वेग आधी जास्त आणि नंतर मंद असू शकतो. मधल्या वर्षांचे आकडे असतील तर आलेख काढा आणि डोळ्यांनी बघा.

७. जिल्ह्यावर उतरताना चौपट काळजी

देशासाठी चालणारी पद्धत कोल्हापूर जिल्ह्याला तशीच लावली की खोटी बातमी तयार होते.

*छोटे आकडे.* समजा एखाद्या जिल्ह्यात वर्षाला ५०,००० जन्म होतात आणि प्रमाण ३३ आहे. म्हणजे वर्षाला १६-१७ माता मृत्यू. एवढ्या लहान संख्येत निव्वळ योगायोगानं एका वर्षी ८ आणि दुसऱ्या वर्षी २४ येऊ शकतात, म्हणजे प्रमाण १६ आणि ४८. आरोग्य यंत्रणेत काहीही बदललेलं नसतं. किमान तीन वर्षांची बेरीज करून मगच प्रमाण काढा. तालुक्याला, त्यातही गगनबावड्यासारख्या लहान लोकसंख्येच्या तालुक्याला, हे प्रमाण काढूच नका. तिथे प्रत्येक मृत्यूचं कारण शोधणं हेच खरं काम.

*पाहणीतली चूक-मर्यादा.* एनएफएचएस-५ मध्ये देशभरातल्या ७०७ जिल्ह्यांत ६,३६,६९९ कुटुंबं होती, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९००. त्यातली पाच वर्षांखालची, उंची मोजलेली मुलं समजा ३००. खुंटलेल्या वाढीचं प्रमाण ३० टक्के आलं तर खरा आकडा साधारण २४ ते ३६ मध्ये कुठेही असू शकतो. दोन फेऱ्यांत साधारण नऊ टक्केबिंदूंचा फरक दिसेपर्यंत 'घटलं' किंवा 'वाढलं' म्हणू नका. राज्याचा आकडा ३४.४ वरून ३५.२ झाला, त्यालाही 'जैसे थे' म्हणणंच योग्य. आणि तेही पुरेसं गंभीर आहे: साडेचार वर्षं गेली आणि प्रत्येक तीन मुलांमागे एकाची वाढ खुंटलेलीच राहिली. जिल्हा पत्रकात कंसातला आकडा २५ ते ४९ नोंदींवरचा असतो आणि तारांकन म्हणजे २५ पेक्षा कमी नोंदी. कंसातल्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका.

*कुणाचे रुग्ण?* कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात. मृत्यूची नोंद जिथे घडला तिथे होते. रुग्णालयातले सगळे मृत्यू कोल्हापूरचे धरले तर जिल्हा विनाकारण वाईट दिसतो आणि शेजारचे जिल्हे विनाकारण चांगले. 'राहण्याचं ठिकाण' हा रकाना मागून घ्या.

*छेद (ज्या लोकसंख्येनं भागायचं ती).* कोल्हापूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ३८,७६,००१. त्यानंतर जनगणनेचे आकडे आलेले नाहीत. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. २०२४ च्या घटना २०११ च्या लोकसंख्येनं भागल्या की प्रत्येक दर फुगतो. प्रक्षेपित लोकसंख्या वापरा आणि कुठली ते लिहा.

*महापूर.* आपत्तीत मृत, बेपत्ता आणि थेट बाधित झालेल्यांचं लाख लोकांमागचं प्रमाण हा निर्देशक तीन ध्येयांत येतो (१.५.१, ११.५.१, १३.१.१). राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी ४३ च्या वर गेलं नाही ते वर्ष घेतलंत तर जिल्हा सुरक्षित, २०१९ घेतलंत तर हाहाकार. आपत्तींची जोखीम कमी करण्याच्या जागतिक सेंडाई आराखड्यात यासाठी २००५-२०१५ ची सरासरी आणि २०२०-२०३० ची सरासरी यांची तुलना सांगितली आहे. तशीच करा. एक गंमत लक्षात ठेवा: २००५ आणि २०२१ हे पूर यात येतात, पण २०१९ चा पूर दोन्ही कालखंडांच्या मधोमध सुटतो. कोल्हापूरसाठी लिहिताना २०१९ वेगळा रकाना करून दाखवाच.

८. गुण काढायचेच असतील तर

सूत्र साधं आहे: (प्रत्यक्ष आकडा वजा सर्वात वाईट आकडा) भागिले (लक्ष्य वजा सर्वात वाईट आकडा), गुणिले १००. शंभर म्हणजे लक्ष्य गाठलं.

सगळा खेळ 'सर्वात वाईट' कशाला म्हणायचं यात असतो. खुंटलेली वाढ ३५ टक्के, लक्ष्य ५. सर्वात वाईट ५० धरलं तर गुण ३३, ६० धरलं तर ४५. एकही मूल न सुधारता १२ गुण वाढले. म्हणून दोन्ही टोकं तक्त्यातच छापा. आणि ध्येयाची सरासरी काढताना आतले निर्देशक लपवू नका: एक ९५ वर आणि दुसरा २५ वर असेल तर सरासरी ६० येते. नीती आयोगाच्या वर्गवारीत (५० ते ६४ 'परफॉर्मर') ती ठीकठाक दिसते, पण २५ वाला निर्देशक ज्यांच्या वाट्याला आलाय त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचत नाही.

९. टिपण असं लिहा

प्रत्येक निर्देशकाला एक ओळ आणि ओळीत हे रकाने: निर्देशक क्रमांक, मराठीत पूर्ण व्याख्या, स्रोत आणि आवृत्ती, आकड्याचं स्वरूप, सुरुवातीचं वर्ष व आकडा, शेवटचं वर्ष व आकडा, लक्ष्य आणि ते कुणी ठरवलं, प्रत्यक्ष वेग, लागणारा वेग, गुणोत्तर, चूक-मर्यादा, शेरा. आकडा नसेल तर रकाना रिकामा ठेवा आणि 'माहिती उपलब्ध नाही' लिहा. शेजारच्या जिल्ह्याचा किंवा राज्याचा आकडा उसना घेऊ नका. पहिल्या वेळी दहाच निर्देशक घ्या. नीट केले तर दोन आठवडे सहज जातात.

माहितीकोशातून फाइल उतरवल्याची तारीख फाइलच्या नावातच घाला आणि मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवा. २९ जूनला राष्ट्रीय अहवाल येतो, जुलैत न्यूयॉर्कला या ध्येयांचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या उच्चस्तरीय राजकीय मंचाची बैठक असते आणि तेव्हाच्या सुमारास जागतिक अहवालही. तुमचा तक्ता दरवर्षी ऑगस्टमध्ये अद्ययावत करायचं ठरवलंत तर तिन्ही गोष्टी एकाच बैठकीत भरता येतात, आणि कोल्हापुरात त्याच सुमाराला राजाराम बंधाऱ्याचे त्या पावसाळ्यातले आकडेही हाती आलेले असतात.